मृतांचा आकडा आणि कोशाचे पान

कोश म्हटला की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे जाड पुठ्ठ्याचे, कापडी पाठीचे खंड उभे राहतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० ते १९२७ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. या खंडांत राजे आहेत, ग्रह आहेत, वनस्पती आहेत, दर्शने आहेत. रात्रीच्या गाडीने गावी निघालेली आणि घाटात किंवा पुलावर संपलेली साधी माणसे मात्र तेथे सापडणार नाहीत. तो दोष कोशकारांचा नव्हे. वर्षानुवर्षे खपून छापल्या जाणाऱ्या ग्रंथात अशा घटनेला जागा असण्याचे कारणच नव्हते. तिची जागा वर्तमानपत्रात, आणि वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत.

गेल्या पाव शतकात ही स्थिती पालटली आहे. विकिपीडिया या आंतरजालावरील ज्ञानकोशात मोठ्या बस-अपघातांना स्वतंत्र पाने मिळू लागली. रात्री अपघात होतो आणि सकाळपर्यंत पान उभे राहते. कोणी अनोळखी माणूस पहिली दोन वाक्ये लिहितो, दुसरा त्यातला आकडा बदलतो, तिसरा कारण घालतो, चौथा ते काढतो. हे इतिहासलेखनच आहे. फक्त ते आपल्या डोळ्यांदेखत, घाईत आणि निनावी हातांनी चालले आहे. पुढे दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी किंवा वार्ताहर त्या घटनेची माहिती शोधील तेव्हा बहुधा हेच पान त्याच्या हाती प्रथम लागेल. म्हणून या पानाचे संपादन कसे होते आणि त्यात काय राहते, काय गळते, याचा विचार आपण सीमाभागातील मराठी वाचकांनी करणे अगत्याचे आहे. आपली माणसे दोन राज्यांच्या गाड्यांतून रोज ये-जा करतात, म्हणून तर अधिकच.

पानामागचे पान

विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर हे त्याचे संस्थापक. मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमकी महाराष्ट्र दिनी सुरू झाली. वाचणाऱ्या कोणालाही लिहिता यावे, ही मूळ कल्पना. साहजिकच पहिला प्रश्न येतो तो विश्वासाचा. कोणीही यावे आणि काहीही लिहावे, तर त्याला कोश कसे म्हणायचे?

या प्रश्नाचे उत्तर पानाच्या माथ्यावर आहे. तेथे 'इतिहास' असा एक शब्द असतो. त्यावर बोट ठेवले की त्या पानाचे पहिल्या दिवसापासूनचे प्रत्येक रूप उघडून पाहता येते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नावाने कोणता शब्द बदलला, हे सारे तेथे राहते. छापील कोशात चूक शिरली की ती पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहते आणि दुरुस्त झाल्यावर ती होती याचा मागमूसही उरत नाही. येथे चूक लवकर सुधारता येते आणि ती झाली होती, याची नोंदही सहसा राहते. शेजारी 'चर्चा' नावाचे दुसरे पान असते. मतभेद झाला की वाद तेथे घालायचा, लेखात नव्हे. एकाच माणसाने चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचे लिखाण उलटवले तर इंग्रजी विकिपीडियावर त्याला संपादनबंदी होऊ शकते.

लेखनाचे नियम मुख्यतः तीन. एक, जे लिहाल त्याला प्रसिद्ध आणि भरवशाचा आधार दाखवा. आधार नसेल तर वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लागते किंवा वाक्य जाते. दोन, कोणाची बाजू घेऊ नका. तीन, स्वतःचे संशोधन येथे प्रथम मांडू नका. हा तिसरा नियम इतिहासाच्या अभ्यासकाला बुचकळ्यात पाडणारा आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगावी हिंडून दप्तरे धुंडाळत, मूळ कागदावाचून बोलू नये असे बजावत. येथे नेमके उलटे सांगितले जाते. पंचनामा तुमच्या हाती असला तरी त्यावरून तुम्ही स्वतः निष्कर्ष काढू नका. तो कोणी जबाबदारीने काढून प्रसिद्ध केला असेल तर तेवढे नोंदवा. नियम कडक वाटतो, पण त्याला कारण आहे. लिहिणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. त्यामुळे विश्वास त्याच्यावर न ठेवता त्याने दाखवलेल्या आधारावर ठेवायचा.

हे नियम किती गरजेचे आहेत ते २००५ मध्ये दिसले. जॉन सीगेंथॅलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराविषयी कोणीतरी निनावी माणसाने असे लिहून ठेवले की, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. स्वतः रॉबर्ट केनेडींबरोबर काम केलेल्या या गृहस्थांवरचा तो धादांत खोटा आरोप मे ते सप्टेंबर असे चार महिने तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवे पान काढण्यास बंदी झाली आणि हयात व्यक्तींविषयी लिहिण्याचे नियम अधिक काटेकोर झाले. अपघाताच्या पानाला हा धडा जसाच्या तसा लागू आहे, तो कसा ते पुढे येईल.

सावित्रीच्या पुलावर

आता एक घटना घेऊन पान कसे घडते ते पाहू. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीला महापूर आलेला. नदीवर १९२८ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल होता आणि शेजारी नवा पूलही होता. मध्यरात्रीच्या सुमारास जुना पूल कोसळला. जयगडहून मुंबईकडे आणि राजापूरहून बोरिवलीकडे निघालेल्या राज्य परिवहनाच्या दोन गाड्या आणि एक खासगी मोटार नदीत गेली. अंधार, पाऊस आणि पुराचा लोंढा यांमुळे मदतीला पोहोचणाऱ्यांना पाण्यात काही दिसतही नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि तटरक्षक दल शोधासाठी आले. क्रेनला जड लोहचुंबक लावून तळ चाचपण्यात आला. पहिल्या गाडीचा सांगाडा सापडला तेव्हा आठवडा उलटून गेला होता. काही मृतदेह खाडीतून वाहत पार समुद्रकिनाऱ्याला लागले.

या घटनेचे पान लिहिणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती आकड्याची. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत दोन्ही गाड्यांत मिळून चालक-वाहकांसह २२ माणसे असल्याचे सांगितले गेले. एस.टी.च्या गाडीत किती माणसे आहेत हे कळण्याचे साधन म्हणजे आरक्षणाचा तक्ता आणि वाहकाने काढलेली तिकिटे. तक्ता आगारात राहतो. वाटेत चढलेल्यांचा हिशेब वाहकाच्या यंत्रात असतो, आणि यंत्र तर वाहकाबरोबरच गेलेले. खासगी मोटारीचा तर तक्ताही नसतो. जसजसे घरून निघालेल्या आणि न पोहोचलेल्या माणसांचे नातेवाईक महाडला येऊ लागले तसतसा आकडा वाढत गेला. म्हणजे ही मोजदाद कोणत्याही कार्यालयाने आधी केली नाही. ती वाट पाहणाऱ्यांनी केली.

दुसरी अडचण 'मृत' आणि 'बेपत्ता' या दोन शब्दांची. सापडलेला देह मृतांत जातो, न सापडलेला बेपत्तांत. कायद्याच्या भाषेत सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या माणसाला मृत मानता येते. अशा दुर्घटनेत शासन लवकर निर्णय घेऊ शकते. पण कोशाचा संपादक काय करणार? दोन्ही आकडे मिळवून एक केला तर ज्या घरी अजून कोणी दारात उभे आहे त्या घराच्या आधी आपण निकाल दिल्यासारखे होते. मिळवले नाहीत तर दुर्घटनेचे प्रमाण कमी दिसते. येथे शहाणा मार्ग एकच. दोन्ही आकडे वेगळे ठेवावेत, प्रत्येकापुढे तारीख आणि आधार द्यावा, आणि नवा आधार मिळाला की बदलावे. कंटाळवाणे काम आहे. पण पानावर दोन दिवस '२२' आणि पुढे एकदम दुसरा आकडा दिसला, तर मधले काय झाले हे सांगणारा 'इतिहास' तेथे आहे, ही या कोशाची जमेची बाजू.

खुर्द्याचा हिशेब

मृतांची मोजदाद हा आपल्या इतिहासाचा जुनाच दुबळा भाग आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. त्याची वार्ता पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे परंपरेने सांगितले जाते. त्या पत्रात मोठी माणसे मोत्यांच्या नि मोहरांच्या संकेताने मोजलेली होती आणि बाकीच्यांबद्दल रुपये-खुर्द्याची गणतीच नाही, असा आशय होता. ही हकीकत शाळेत शिकवताना मुलांना नेहमी मोत्यांचे अर्थ विचारले जातात. विश्वासराव कोण, भाऊसाहेब कोण, ते मुले बरोबर सांगतात. खुर्दा म्हणजे कोण, हे कोणी विचारत नाही.

रात्रीच्या गाडीतील उतारू हा इतिहासाचा खुर्दाच. बखरकाराने आकडा फुगवावा, दप्तराने तो गाळावा, अशी त्याची जुनी गत होती. आता निदान त्याचा आकडा आधारासह लिहिता येईल असे साधन आले आहे. म्हणून आकड्याविषयीचा आग्रह हा किरकोळ किचकटपणा समजू नये. '४० ते ४५ जण' असे लिहिणारा आणि आकडा शोधून, तारीख घालून लिहिणारा यांच्यात फरक आहे. पहिल्याच्या लेखी त्यातली चार-पाच माणसे होती की नव्हती, हे सारखेच.

कारण कोणते?

आकड्यापेक्षा अवघड भाग कारणाचा. आपल्याकडील बहुतेक बातम्यांत कारण एकाच साच्यात येते: 'चालकाचा ताबा सुटला.' पोलिसांच्या कागदात त्याचेच रूप 'हयगयीने, भरधाव वेगाने' असे होते. अपघातानंतर चालक बहुधा मेलेला असतो किंवा अटकेत असतो. दोन्ही स्थितींत त्याची बाजू मांडायला कोणी नसते. बातमीतले हे वाक्य पानात जसेच्या तसे उतरले की पुढे तोच इतिहास होतो.

या संदर्भात अमेरिकेतील एक अपघात सविस्तर पाहण्यासारखा आहे. १४ मे १९८८ रोजी केंटकी राज्यातील रॅडक्लिफ गावच्या एका चर्चची बस मुलामुलींना घेऊन ओहायो राज्यातील किंग्ज आयलंड या करमणूक उद्यानाची सहल आटोपून परत येत होती. गाडीत चालकासह ६७ जण होते. रात्री अकराच्या सुमारास कॅरोल्टन गावाजवळ महामार्गावर उलट्या दिशेने येणारी एक लहान मालमोटार तिच्यावर समोरून आदळली. २७ जण मृत्यू पावले. त्यांत बहुतेक मुले होती.

मालमोटारीचा चालक दारूच्या अमलाखाली होता. त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण तेव्हाच्या कायदेशीर मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली आणि १९९९ मध्ये तो सुटला. कारण शोधणाऱ्याला येथे थांबता आले असते. दारू प्यालेला चालक, उलटी दिशा, टक्कर. सर्व स्पष्ट होते. पण तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढचा प्रश्न विचारला: ही मुले कशाने मेली? उत्तर असे निघाले की, टक्करीच्या आघाताने मृत्यू आले नव्हते. ते आगीने आणि धुराने आले होते.

टक्करीत गाडीच्या पुढच्या भागातील लोखंड मागे घुसून पेट्रोलची टाकी फुटली. पुढच्या दाराशीच आग लागली. बाहेर पडायला उरले एकच, मागचे संकटकालीन दार. साठ-पासष्ट माणसे अरुंद वाटेतून तिकडे धावली. दाराजवळ शीतपेयांची पेटी ठेवलेली होती. आसनांच्या गाद्या झटकन पेटणाऱ्या आणि विषारी धूर सोडणाऱ्या होत्या. आणखी एक गोष्ट पुढे आली. शालेय बसच्या टाकीला संरक्षक जाळी असावी, हा अमेरिकेतील नियम १ एप्रिल १९७७ पासून अमलात आला होता. आणि या गाडीचा सांगाडा त्याच्या काही दिवस आधी तयार झालेला होता. शाळेच्या वापरातून काढून विकलेली गाडी चर्चने घेतली होती. नियम होता, पण ही गाडी त्यातून काही दिवसांनी निसटली.

चौकशीचा हा क्रम इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. टक्कर का झाली हा एक प्रश्न आणि माणसे का मेली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका माणसापाशी थांबते. दुसऱ्याचे उत्तर कारखान्यापर्यंत, कायद्यापर्यंत आणि दारांच्या संख्येपर्यंत पोहोचते. केंटकी राज्याने पुढे शालेय बसला बाहेर पडण्याच्या नऊ वाटा सक्तीच्या केल्या: पुढे, मागे आणि बाजूला दार, चार संकटकालीन खिडक्या आणि छताला दोन झडपा. मरण पावलेल्या मुलांपैकी एका मुलीची आई मद्यपी चालकांविरुद्ध लढणाऱ्या मातांच्या संघटनेची राष्ट्रीय अध्यक्ष झाली. या कार्यकर्त्यांचा आक्षेप 'अपघात' या शब्दालाच होता. दारू पिऊन चाक हाती घेतले तर जे घडते ते योगायोगाने घडत नाही, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजी कोशात या घटनेचे पान 'टक्कर' या शब्दाने आहे. पानाचे नाव ठरवणे हाही इतिहासाचा निवाडाच असतो.

हे सारे आपल्याला दूरचे वाटू नये. ३० ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे बेंगळुरूहून हैदराबादला निघालेली खासगी आरामबस तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ मोरीच्या कठड्याला धडकली, इंधनाची टाकी पेटली आणि ४५ जण जळून गेले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १४ नोव्हेंबर २०१३ ला, बेंगळुरूहून मुंबईकडे येणारी तशीच बस हावेरीजवळ पेटली आणि सात जण दगावले. हा रस्ता पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा येतो. त्या गाड्यांत आपल्या घरचे कोणी ना कोणी बसलेले असतेच. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी बस उलटून पेटली. ३३ जणांपैकी २५ मृत्यू पावले. गाडी दाराच्या अंगावरच पडली होती, त्यामुळे जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. पहिल्या बातम्यांत टायर फुटल्याचे आले. परिवहन खात्याच्या प्राथमिक अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले गेले. पहिल्याच तासात कारण लिहून मोकळ्या होणाऱ्या संपादकाला हे उदाहरण पुरेसे आहे.

कॅरोल्टन, पालेम, हावेरी, सिंदखेड राजा या चार घटना वेगवेगळ्या पानांवर राहिल्या तर चार चालकांच्या चार चुका दिसतात. शेजारी ठेवल्या तर टाकी, दार आणि काच दिसू लागते. आपल्या एस.टी.त 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' अशी अक्षरे असतात, कर्नाटकाच्या गाडीत त्याच अर्थाची कन्नड अक्षरे असतात. ती अक्षरे कुठे आहेत आणि ते दार खरोखर उघडते का, हे किती जण पाहतात?

सावित्रीच्या पुलाबाबतही हाच प्रश्न आहे. येथे चालकांचा ताबा सुटला असे म्हणायला जागाच नव्हती. त्यांच्या चाकाखालचा रस्ताच गेला. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले. घटनेनंतर न्यायिक चौकशी आयोग नेमला गेला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला. पानावर ही तीनही वाक्ये राहिली पाहिजेत. नव्या पुलाचे वाक्य आनंदाने राहते, कारण त्याची छायाचित्रे असतात. मे महिन्यातील पाहणीचे वाक्य कोणी जपले नाही तर हळूच गळून जाते. कोशात गळलेल्या वाक्याला कोणी शोक करीत नाही.

नावे लिहावीत की नाहीत?

मृतांची नावे पानावर असावीत का, हा या कोशातील जुना वाद आहे. विकिपीडिया हे स्मारक नव्हे, असे त्याचे धोरण सांगते. केवळ मृत्यू पावला म्हणून खासगी माणसाचे नाव, वय, गाव कोशात घालू नये, कारण त्याच्या कुटुंबाने ती प्रसिद्धी मागितलेली नसते. नातेवाइकांना हे कठोर वाटते. २७ जण म्हणजे कोण? आमचा मुलगा त्या आकड्यात आहे, तर त्याचे नाव का नको?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्या मुलखात गावोगावी वीरगळ उभे आहेत. गाई सोडवताना, गावाच्या रक्षणात पडलेल्यांचे ते दगड. त्यांपैकी पुष्कळांवर नाव नाही. घोडा आहे, लढाई आहे, वर स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आहेत. नाव त्या काळी गावाला ठाऊक होते, म्हणून कोरले नाही. आज गाव विसरले आणि दगड मुका झाला. उलट, आंतरजालावर एकदा लिहिलेले नाव जगभर जाते आणि पुसले जात नाही. सिंदखेड राजाच्या घटनेत देह इतके जळाले होते की ओळख पटणे अशक्य झाले आणि बहुतेकांवर एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले. अशा वेळी कुटुंबाला नाव लिहून हवे असते, ते कुठे तरी दगडावर, गावातल्या पारावर. मला वाटते, कोश आणि स्मारक ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. कोशाने आकडा, कारण आणि परिणाम अचूक ठेवावेत. नाव गावाने ठेवावे. एकाने दुसऱ्याचे काम करू नये आणि दुसरे काम झालेच नाही, असेही होऊ नये.

जिवंतांच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही. वाचलेला प्रवासी, जखमी चालक, ज्याच्यावर अजून खटला चालू आहे असा गाडीमालक, यांच्याविषयी ऐकीव वाक्य लिहिणे म्हणजे सीगेंथॅलर प्रकरणाचीच पुनरावृत्ती. न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत कोशानेही दोषी ठरवू नये. वाचलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात, हा अनुभव जुना आहे. 'तूच कसा वाचलास?' हा प्रश्न गाव विचारते. कोशाने तो विचारू नये.

दोन भाषांतले एकच मरण

सीमाभागात या कामाला आणखी एक पदर आहे. येथील गाडीत मराठी आणि कानडी माणसे एकाच बाकावर बसतात. अपघात झाला की मराठी वर्तमानपत्र मराठी गावांतल्या मृतांची हकीकत सविस्तर देते, कन्नड वर्तमानपत्र त्यांच्या वाचकांच्या गावांची. एकच आडनाव दोन लिप्यांत दोन तऱ्हांनी लिहिले जाते, आणि इंग्रजीत उतरताना तिसऱ्या तऱ्हेने. दोन्ही यादी जुळवणारा माणूस दोन्ही भाषा वाचणारा नसेल तर एकच माणूस दोनदा मोजला जाणे किंवा दोन माणसे एक समजली जाणे सहज शक्य आहे. ही जुळवणी करू शकणारी माणसे मुंबईत किंवा बेंगळुरूत फारशी नाहीत. ती आपल्या घरांत आहेत.

त्याऐवजी आपला उत्साह बहुधा गावाच्या नावावर खर्च होतो. बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. कोशात ते कसे लिहावे यावर भांडायला दोन्ही बाजूंना माणसे मिळतात. तो प्रश्न क्षुल्लक आहे असे सीमाभागातील कोणीच म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण ज्या पानावर गावाचे नाव दहा वेळा बदलले गेले त्याच पानावरचा मृतांचा आकडा एकदाही तपासला गेला नसेल, तर आपण कशाची राखण केली, हे स्वतःला विचारले पाहिजे.

काम अवघड नाही. विकिपीडियाला आधार म्हणून आंतरजालावरचेच काही लागते हा गैरसमज आहे. छापील वर्तमानपत्रही चालते. त्याचे नाव, तारीख, पृष्ठ आणि बातमीचा मथळा एवढे दिले की पुरे. आपल्या वाचनालयांत, शाळांच्या माळ्यांवर, काही घरांच्या ट्रंकांत जुन्या मराठी नि कन्नड अंकांचे गठ्ठे आहेत. १९७० किंवा १९८० च्या दशकातील घाटातले, पुलांवरचे अपघात त्यांत आहेत आणि त्यांतील अनेकांना कोणत्याही भाषेतील कोशात पान नाही. वाळवीच्या आधी ते कोणी उघडले तर पुष्कळ काही वाचेल. नववी-दहावीची मुले हे काम उत्तम करू शकतात: एकाने मराठी अंक वाचावा, दुसऱ्याने कन्नड, दोघांनी आकडे शेजारी लिहावेत, न जुळले तर दोन्ही लिहून पुढे तारीख घालावी. कारणाच्या रकान्यात 'चालकाचा ताबा सुटला' एवढेच मिळाले तर ते तसे बातमीच्या नावावर नोंदवावे आणि चौकशीचा अहवाल कोठे प्रसिद्ध झाला का, ते शोधावे. न मिळाल्यास जागा रिकामी ठेवावी. रिकामी जागा खोट्या वाक्यापेक्षा बरी. पुढचा कोणी ती भरतो.

केतकरांना ज्ञानकोशासाठी वर्गणीदार शोधत गावोगाव फिरावे लागले. आज वर्गणी लागत नाही, छापखाना लागत नाही, लागते ती थोडी चिकाटी आणि दोन भाषांचे ज्ञान. पहिली आपण शाळेत शिकवतो; दुसरी गोष्ट सीमेवर राहिल्यामुळे आपल्याला आपोआप मिळाली आहे. या दिवाळीच्या सुट्टीत एका जुन्या अपघाताचा एक गठ्ठा उघडला आणि एक आकडा नीट लागला, तरी त्या रात्रीच्या गाडीतला एक माणूस खुर्द्यातून बाहेर येईल.